चोवीस चाव्या

काका कुणाच्याही घरी गेले की आधी संडास बघून यायचे, मग बसायचे. यजमानांना वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला घाई असेल. घाई वगैरे काही नसायची. आत जाऊन ते कडी दोनदा लावून-काढून बघत, पाणी हाताशी आहे का ते बघत, दाराच्या फटीतून बाहेरून काय दिसेल याचा अंदाज घेत आणि खुर्चीवर टेकता टेकता निकाल सांगून मोकळे होत. आमच्या गिरगावच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने खास त्यांच्यासाठी नारळीभात केला होता. काका म्हणाले, घर बरं आहे, पण कडी उगाच नावाला आहे. आई दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावला.

लग्नाकार्याला गेले तरी तेच. मुलगी कशी होती, जेवण कसं होतं, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. दादरच्या यच्चयावत हॉलचे संडास त्यांना पाठ होते आणि त्यावरून ते त्या त्या घराण्याची पत ठरवत. एका चांगल्या खात्यापित्या घरच्या स्थळाला त्यांनी केवळ हॉलमधल्या गळक्या नळापायी आयुष्यभर नावं ठेवली.

त्यांचं सगळं आयुष्य डिलाईल रोडच्या चाळीत गेलं. गाव मालवणकडचं, पण जन्म इथलाच. उमेदीच्या काळात गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, मग प्लंबिंग शिकले आणि लालबागपासून वरळीपर्यंत लोकांचे नळ दुरुस्त करत फिरले. हा झाला पोटापाण्याचा धंदा. त्यांचं खरं पद निराळं होतं. मजल्यावर चोवीस खोल्या आणि टोकाला सहा संडास. त्या संडासांच्या चाव्या आणि त्यावरून होणारी भांडणं हे खातं तीस वर्षं काकांकडे होतं. नियम सरळ होता: एका संडासाला शेजारच्या चार खोल्या, प्रत्येक खोलीला एक चावी, ती दाराशेजारच्या खिळ्याला टांगायची आणि धुण्याची पाळी त्या चौघांनीच लावून घ्यायची. चावी हरवली तर काकांकडे जायचं, त्यांचं बोलणं खायचं आणि नवी घेऊन यायचं. कुलूप असलं की माणूस आपणहून खराटा हातात घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी मला निदान दोनशे वेळा ऐकवलं असेल.

काका माझे नात्याने कुणी नव्हेत; माझी त्यांची गाठ पडली ती दादरच्या एका संस्थेत. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, सिव्हिल इंजिनीयर होते आणि टॉवरच्या पार्किंगच्या रेघा मारून मारून मला वीट आला होता. संस्थेला टांझानियातल्या एका लहानशा बाजारगावात सार्वजनिक संडास बांधायचे होते आणि त्यासाठी तीन महिने स्वखुशीने काम करणारी माणसं हवी होती. मी बिनपगारी रजा टाकली. नकाशे माझे होते आणि प्रत्यक्ष हाताने काम करणारा माणूस शोधणं चालू होतं. मुलाखतीला काका आले. आल्या आल्या त्यांनी संडास कुठे आहे ते विचारलं आणि पंधरा मिनिटं गायब झाले. परत आले तेव्हा संस्थेची वर्षभर टिपकणारी टाकी गप्प झाली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, परदेशात राहायची सवय आहे का. काका म्हणाले, एकदा आठ दिवस पुण्याला होतो. त्यांची निवड तिथेच झाली.

विमानतळावर त्यांची बॅग उघडली गेली. आत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातल्या ठरलेल्या दुकानातून घेतलेली सहा पितळी कुलपं, चोवीस चाव्या, खच्चून भरलेले कड्या-कोयंडे आणि दोन लेंगे. तपासणाऱ्या माणसाने हे सगळं कशासाठी असं विचारल्यावर काकांनी, मागे रांग खोळंबली असताना, एका संडासाला चार घरं ही व्यवस्था त्याला हिंदीतून सविस्तर समजावून सांगितली. मी दोन माणसं सोडून उभी होते आणि मी त्यांच्याबरोबर आहे हे कुणाला कळू नये अशी प्रार्थना करत होते. त्या माणसाने शेवटी हात जोडले.

गाव तळ्याकाठी होतं. तळं कसलं, पलीकडचा काठच दिसत नव्हता. बाजाराच्या मागे चोवीस घरांची एक आळी होती आणि तिथे एकाही घराला संडास नव्हता. पुरुष तळ्याकाठच्या गवतात जात, बायका उजाडायच्या आत मक्याच्या शेतात. आळीसाठी सहा संडास बांधायचे आणि ते नीट चालले तर गावातल्या शाळेला बांधायचे, असं काम होतं. शाळेचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं, कारण तिथल्या मोठ्या मुली संडासासाठी दुपारी घरी जायच्या त्या परतच यायच्या नाहीत. हे मला शाळेतल्या बाईंनी इंग्रजीतून सांगितलं. त्या त्याच आळीत राहत आणि आमचं जेवण त्यांच्याकडे असे. तिकडे वयाने मोठ्या बाईला मामा म्हणतात. काकांना ते काही केल्या जमेना. त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत आळीतली अर्धी माणसं बाईंना मावशी म्हणू लागली.

भाषेचा प्रश्न काकांना कधी पडलाच नाही. ते सगळ्यांशी मालवणीत बोलत. बाजारात तळ्यातली बारीक वाळवलेली मासळी दिसल्यावर ते विकणाऱ्या बाईसमोर उकिडवे बसले आणि सुकट भाजावी की कालवणात घालावी यावर दोघांची अर्धा तास चर्चा झाली. ती तिच्या भाषेत, हे यांच्या. येताना पिशवी भरलेली होती आणि दोघांचंही समाधान झालेलं होतं.

काम करायची त्यांची तऱ्हाही उलटी. भिंत मागाहून, कडी आधी, हा त्यांचा मंत्र. पाया झाल्यावर त्यांनी पहिली चौकट उभी केली, तिला दार लावलं, दाराला कडी लावली आणि चारी बाजूंनी मोकळ्या रानात उभ्या असलेल्या त्या दारातून आत जाऊन कडी घातली. मग पलीकडे उभे राहून आम्हाला विचारलं, दिसतंय का काही. गावातले गवंडी हसून हसून खाली बसले. काका अजिबात हसले नाहीत. दाराची उंची चार बोटं वाढवली आणि मग म्हणाले, आता बांधा भिंती.

सहा आठवड्यांत सहा संडास उभे राहिले. वाटणीची यादी मी केली आणि मला तिचा फार अभिमान होता. आळीच्या एका टोकापासून सुरुवात केली, लागून असलेली चार घरं घेतली, त्यांना एक नंबरचं कुलूप. पुढच्या चार घरांना दोन नंबरचं. अगदी डिलाईल रोडसारखं. पहिली चावी आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजोबांना दिली. हे मावशींचे सासरे. टाळ्या झाल्या, भात आणि घेवड्याचं जेवण झालं. काका हातोडी घेऊन चोवीसही घरांत गेले आणि दाराशेजारी स्वतःच्या हाताने चोवीस खिळे ठोकून आले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

आणि कुणी गेलंच नाही.

संडासांशेजारी पाण्याचं मोठं पिंप ठेवलेलं होतं. ते पहिल्या दिवशी काठोकाठ भरलं होतं, आठव्या दिवशीही काठोकाठ होतं. फक्त त्यात दोन बेडूक आले होते. चाव्या सगळ्यांच्या घरी खिळ्याला व्यवस्थित टांगलेल्या. विचारलं तर सगळे हसून माना डोलावत, छान आहे म्हणत आणि सकाळी गवतात नाहीतर शेतात जात. तीन आठवड्यांनी संस्थेचे साहेब बघायला येणार होते. हे संडास वापरात नसले तर शाळेचं काम सुरू होणार नव्हतं, हे त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मावशींना हे ठाऊक होतं. त्या आम्हाला वाढताना खाली बघून वाढत आणि मला वाटे, त्या आमच्यावर रागावल्यात.

मी माझ्या शिक्षणाला शोभेल असं केलं. जंतूंची चित्रं काढली आणि शाळेच्या पडवीत भाषण दिलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. काकांनी त्यांच्या परीने सगळं केलं. कड्यांना तेल घातलं, भिंतींना चुना दिला, संडास पुन्हा पुन्हा धुतले. मग रोज सकाळी समोरच्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसायला लागले. कुणी येतंय का ते बघायला. त्यामुळे जे कुणी आलं असतं तेही आलं नसेल, हे आता कळतं. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. सुकट तशीच पडून राहिली. एकदा मला म्हणाले, तीस वर्षं हेच एक काम मला नीट जमतं असं मी समजत होतो, बाय.

काकूंना ते रोज संध्याकाळी पाचला फोन करत. मुंबईत तेव्हा साडेसात, म्हणजे काकूंच्या मालिकेची वेळ. मालिका सोडून त्या फोनवर येतात याचं काकांना कौतुक होतं. काकूंना नव्हतं. फोन कानाला लावला की कान बिघडतो अशी काकांची समजूत असल्यामुळे तो नेहमी स्पीकरवर असे आणि मला सगळा संसार ऐकू येई. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदाच आपलं अपयश त्यांना सांगितलं. कड्या चांगल्या आहेत, पाणी आहे, कुलपं नागदेवीची आहेत, तरी कुणी जात नाही.

काकूंनी विचारलं, एका संडासाला कोण चार घरं. काका म्हणाले, शेजारची, आपल्यासारखीच.

"शेजारची म्हणजे कोण कुणाचे लागतात ते सांगा," काकू म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी यादी काढली. पहिल्या घरात आजोबा, बाजूच्या तीन घरांत त्यांचे तीन मुलगे, त्यांच्या बायका, पोरं. दुसऱ्या चार घरांतही तसंच. तिकडे मुलाचं लग्न झालं की तो बापाच्या घराला लागून घर बांधतो. आळी म्हणजे सहा कुटुंबंच होती. हे मी मोठ्याने वाचत गेले. तिकडून मालिकेतली कुणीतरी रडताना ऐकू येत होती. मग टीव्ही बंद झाला.

"म्हणजे सासरा आणि सुना एकाच संडासात," काकू म्हणाल्या. "मग कशा जातील त्या? मी जायची काय?"

काकांना कळलंच नाही. ते म्हणाले, "तू खंय जायची नाय?"

मग काकूंनी सांगितलं. फार साध्या आवाजात सांगितलं, जणू रेशनच्या रांगेचं सांगतायत. लग्न होऊन आल्या तेव्हा मामंजी, म्हणजे काकांचे वडील, गॅलरीत संडासाच्या वाटेवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असत. त्यांच्यासमोरून डबा घेऊन जायचं आणि ते ज्या दारातून आत्ता बाहेर आले त्याच दारातून आत जायचं, हे त्यांच्याने होत नसे. मामंजी जाईपर्यंत अकरा वर्षं त्या सगळ्यांच्या आधी उठून जाऊन येत. दिवसा अगदीच नाइलाज झाला तर भाजीची पिशवी घेऊन करी रोडला बहिणीकडे जात. आणि चाळीतच जावं लागलं तर आत उगाच तांब्याने पाणी ओतत राहत, बाहेर मामंजींना काही ऐकू जाऊ नये म्हणून.

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "माका कधी सांगलंस नाय."

"तुम्ही कडीचं विचारायचात," काकू म्हणाल्या. "कडी चांगली होती."

त्या रात्री काका जेवले नाहीत. मीही फार जेवले नाही. माझ्या आजीने गिरगावात काय केलं असेल, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं आणि आता विचारायला आजी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना एकटं गाठून विचारलं. त्यांनी आधी उठून दार लावलं. मग, तुला हे कुणी सांगितलं असं विचारलं. मी म्हटलं, काकांच्या बायकोने. त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. त्यांच्याकडे सासरा आणि सून एका संडासात जात नाहीत, तसं बोलूनही दाखवत नाहीत. सासऱ्यांनाही तेवढीच लाज वाटत होती. म्हातारबुवा चावी मिळाल्यापासून त्या बाजूने फिरकलेसुद्धा नव्हते. मी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, तुमचा तो म्हातारा इतक्या आनंदाने खिळे ठोकत होता.

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली आणि बादली मागितली. त्या बादलीत त्यांनी घरोघर फिरून चोवीस चाव्या परत गोळा केल्या. प्रत्येक दारात हात जोडून मालवणीत माफी मागितली आणि प्रत्येकाला ती समजली असावी, कारण सगळ्यांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला. चोवीस चहा झाल्यावर ते थेट बांधकामावर आले आणि माझ्या नकाशावर कोळशाने मधोमध रेघ मारली. माझा नकाशा होता म्हणून जरा लागलं.

तीन संडासांची पुढची दारं बुजवली आणि ती मागे, मक्याच्या बाजूला काढली. ते बायकांचे. मध्ये पत्र्याची उंच भिंत. तिकडे जायची वाटही वेगळी, कुणाच्या ओट्यासमोरून न जाणारी. ही वाट मावशींनी आणि आळीतल्या बायकांनी स्वतः चालून ठरवली. काका लांब, पाठ करून उभे होते. पुढच्या तिनांपैकी एक फक्त म्हाताऱ्यांचा, दोन बाकीच्या पुरुषांचे. चाव्या दुपटीने लागल्या आणि बाजारातल्या कुलूपवाल्याने आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. काकांची आंब्याखालची खुर्ची उचलली गेली. तिथे त्यांनी बाजारातून आणलेला एक जुना रेडिओ टांगला. सकाळी तो मोठ्याने लागायचा. मी कारण विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला पिंप रिकामं झालं. बेडूक कुठे गेले ते कळलं नाही. काका पिंपात डोकं घालून कितीतरी वेळ तळ बघत उभे होते.

साहेब आले ते उन्हाचे, दुपारी. वही, फोटो, प्रश्न सगळं झालं आणि मग त्यांनाच जावं लागलं. बाहेर आले तर हात धुवायला पाणी नाही. मला घाम फुटला. काका मात्र इतके खूश झाले की त्यांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. रिकामं पिंप त्यांनी वाकडं करून दाखवलं, आडवं करून दाखवलं. साहेब दुसऱ्या गावाला गेले ते न धुतलेल्या हातांनी, पण जाण्याआधी शाळेच्या कामावर सही करून गेले. आम्ही निघालो तेव्हा शाळेत मुलींच्या बाजूची जमीन ओतून झाली होती. मावशींनी काकांना निरोप देताना काकूंसाठी एक कापड दिलं. काकांना काही दिलं नाही. काका म्हणाले, बरोबर आहे.

आता ती डिलाईल रोडची चाळ नाही. जागेवर टॉवर झाला आणि काका-काकू सतराव्या मजल्यावर राहायला गेले. मागच्या महिन्यात मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेले. एक बेडरूम, हॉल, छोटं स्वयंपाकघर आणि दोन संडास, एक बाहेर, एक आत. हॉलमध्ये त्यांचा मुलगा, त्याचे दोन मित्र, खाली गाडी धुणारा माणूस अशी बरीच गर्दी होती. काका चाव्यांचं भांडण नसल्यामुळे जरा सुकल्यासारखे दिसत होते. मी जरा हातपाय धुऊन येते म्हणून उठले. बाहेरच्या संडासात कुणीतरी होतं, म्हणून आतल्याकडे वळले. दाराला बाहेरून नागदेवीचं पितळी कुलूप.

"तो नको, बाय," काका मागून म्हणाले. "तो हिचा."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. तिकडून परत आल्यापासून काकांच्या डोक्यात हेच होतं, असं त्या म्हणाल्या. जुन्या चाळीत काही करता येत नव्हतं, पण इथे ताबा मिळाल्या मिळाल्या, भांडी यायच्या आधी, या दाराला कोयंडा लागला. आत दुसऱ्या कुणी जायचं नाही: मुलगा नाही, पाहुणे नाहीत, स्वतः काकाही नाहीत. लोकांसमोर अगदी लाज आणतात, त्या म्हणाल्या. मामंजींना जाऊन इतकी वर्षं झाली, आता मला कसलं आलंय कुलूप. हे बोलता बोलता त्यांनी मंगळसूत्राच्या पिनेतली चावी काढली. ती तिथे चांगली रुळलेली होती.

"तू जा गो," त्या म्हणाल्या. "तुका चालता."

मी आत गेले. पाणी हाताशी होतं. कडी पहिल्या झटक्यात बसली. बाहेर हॉलमध्ये काकांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.